मोजक्या माणसांचा हंगाम

२३ जानेवारी २०२४ रोजी कतारमधल्या अल खोरमध्ये आशियाई चषकाचा भारत–सीरिया सामना चालू होता. दुसरं सत्र सुरू होऊन काही मिनिटं होतात न होतात तोच बचावपटू संदेश झिंगन गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर पडला. भारत १–० हरला, स्पर्धेतून बाद झाला आणि पेपरवाल्यांनी संघाची यथेच्छ झडती घेतली. त्या दुखापतीचा खरा भुर्दंड मात्र गोव्यात पडला, कारण झिंगन एफसी गोवाचा खेळाडू. मानोलो मार्केझ यांचा हा संघ तोवर इंडियन सुपर लीगमध्ये अपराजित होता. झिंगन उरलेला हंगाम खेळणार नाही, हे लवकरच स्पष्ट झालं. १४ फेब्रुवारीला मोहन बागानने गोव्याला पहिला पराभव दाखवला. मग नॉर्थईस्ट युनायटेडने हरवलं. २५ फेब्रुवारीला कोचीत दोन गोलांची आघाडी घेऊन गोवा ४–२ असा हरला. बारा सामने न हरलेला संघ बारा दिवसांत तीनदा हरला.

सगळं खापर एका गुडघ्यावर फोडण्यात अर्थ नाही. प्रतिस्पर्धीही खेळायलाच येतात. पण बचावाच्या मध्यभागी उभं राहून बाकीच्यांना ओरडून जागेवर ठेवणारा माणूस गेला की काय होतं, ते कोचीत दिसलं. तरीही गोव्याने साखळीत तिसरा क्रमांक मिळवला, म्हणजे कुठेतरी सावरलेही. हे सावरणं नेमकं कसं जमतं? ज्यांच्याकडे पैसा वाहतो ते क्लब जखमी खेळाडूच्या जागी तेवढ्याच तोलाचा दुसरा उभा करतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांचं काय?

आमच्या कुडव्यात, म्हणजे गोंदियाला अगदी खेटून असलेल्या गावात, हा प्रश्न रोजच्या खेळातला आहे. पोरांच्या संघाला अकरा जमले तरी पुष्कळ. एकाचा घोटा मुरगळला की कडेला सायकल धरून उभ्या असलेल्याला आत ओढायचं. व्यावसायिक क्लबांचंही फार वेगळं नसतं. फरक एवढाच की तिथे सायकल धरून कोणाला उभं राहायचं आणि किती पगारावर, हे सहा महिने आधीच ठरवावं लागतं.

छोटा संघ म्हणजे काय, हे नोंदणीच्या यादीवरून कळत नाही. यादीत पंचवीस-तीस नावं असतात. त्यातली सात-आठ मुलं नुकती युवा संघातून आलेली, दोन-तीन गोलरक्षक, एखादा आधीच जायबंदी. प्रशिक्षक डोळे मिटून ज्यांच्यावर सामना सोपवेल असे पंधरा-सोळाच निघतात. त्यात परदेशी खेळाडूंचं गणित निराळं. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये एका वेळी चारच परदेशी मैदानात उतरू शकतात आणि क्लबकडे ते असतातच जेमतेम सहा. संघाचा कणा बहुधा याच सहांचा. त्यातला एक गेला की भारतीय बाजारात तशा दर्जाचा माणूस हंगामाच्या मध्यावर मोकळा सापडत नाही. मग परदेशातून कोणी आणायचा तर नोंदणीची मुदत, व्हिसा, दमट हवा आणि वर ओळख नसलेले सहकारी. केरला ब्लास्टर्सचा कर्णधार सर्जिओ सिदोंचा २०२० च्या डिसेंबरात घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला तेव्हा त्यांनी हुआंदेला आणलं. २०२३ च्या डिसेंबरात आद्रियान लुना जखमी झाला तेव्हा लिथुआनियाच्या फेदोर चेर्निखला. असा बदली माणूस रुळेपर्यंत हंगामाचा चांगलाच तुकडा उलटून गेलेला असतो.

किती जण जखमी होणार, याचा अंदाज आता बऱ्यापैकी बांधता येतो. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रँड २००१ पासून युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची पद्धतशीर नोंद ठेवत आले आहेत. त्यांचा ढोबळ निष्कर्ष असा की पंचवीस जणांच्या संघात एका हंगामात सुमारे पन्नास दुखापती होतात, माणशी दोन. कोणत्याही दिवशी पाहिलं तर संघातला सातवा-आठवा हिस्सा उपचारांच्या खोलीत. सरावातला धोका दर हजार तासांमागे चारेक दुखापतींचा, सामन्यातला पंचविसाच्या वर. यातली शेवटची गोष्ट छोट्या संघाच्या मुळावर येते. सामन्यात जो जास्त खेळतो तोच जास्त जखमी होतो, आणि माणसं कमी असली की तेच ते सगळे सामने खेळतात. मोठ्या क्लबात तीन जण जखमी झाले तर ते यादीतले कोणीही असू शकतात. छोट्या क्लबात ते हमखास पहिल्या अकरातले निघतात.

सगळ्यात जास्त दगा देतो तो मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग. खेळाडू पूर्ण वेगात धावताना पाय पुढे फेकतो आणि तो जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी मागच्या स्नायूला ब्रेक लावावा लागतो. स्नायू लांबतही असतो आणि जोरही लावत असतो. थकवा आला की हे दोन्ही एका वेळी त्याला झेपत नाही आणि तंतू फाटतात. धावता धावता एखादा आघाडीवीर एकदम थबकून मांडीमागे हात लावतो, ना कोणाशी टक्कर ना धक्का, ते हेच. एकस्ट्रँड यांच्या नोंदींत दोन दशकांपूर्वी एकूण दुखापतींत या स्नायूचा वाटा सुमारे बारा टक्के होता, २०२१-२२ पर्यंत तो दुप्पट झाला. खेळ वेगवान झाला आणि सामने वाढले.

सामन्यांमधलं अंतर हा तर या विषयाचा गाभाच आहे. नव्वद मिनिटं खेळल्यावर स्नायूंमधला इंधनाचा साठा भरून यायला आणि सूक्ष्म इजा भरून निघायला दोन ते तीन दिवस लागतात. ग्रेगरी ड्यूपाँ आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एका व्यावसायिक संघाचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून एकच सामना असेल तेव्हा दर हजार तासांमागे ४.१ दुखापती, दोन असतील तेव्हा २५.६. गंमत म्हणजे धावण्याच्या आकड्यांत फारसा फरक दिसला नाही. म्हणजे खेळाडू तेवढंच पळत होते, कोणाला ते दमलेले वाटलेही नसते, आणि शरीर मात्र आतून हिशेब ठेवत होतं.

याचा अतिरेक गोव्यानेच पाहिला आहे. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळला. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय क्लब. कोरोनाच्या साथीमुळे गटाचे सगळे सामने एकाच ठिकाणी, गोव्यातच फातोर्ड्याला ठेवलेले, आणि तारखा अशा: १४, १७, २०, २३, २६ आणि २९ एप्रिल. सोळा दिवसांत सहा सामने, तेही इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल रय्यान आणि अमिरातीचा अल वाहदा यांच्याशी. वर स्पर्धेचा नियम चारच परदेशी खेळाडूंचा, त्यातला एक आशियाई. म्हणून त्या मोसमात आयएसएलचा गोल्डन बूट मिळवलेला इगोर अँगुलो नोंदणीबाहेर राहिला! चौदा गोल करणारा माणूस घरी आणि मैदानावर उसंत मिळायला दोनच दिवस. प्रशिक्षक हुआन फेरांडो यांना भारतीय मुलांची आलटापालट करत दिवस काढावे लागले. पहिले दोन सामने बरोबरीत सुटले. पुढे पर्सेपोलिसकडून २–१ आणि ४–० असे दोन पराभव, मग अल रय्यानशी १–१, शेवटी अल वाहदाकडून ०–२. गटात गोवा तिसरा आला, अल रय्यानच्या वर. माझ्या मते हे एखाद्या करंडकाइतकं मोलाचं होतं, पण आपल्याकडे तिसऱ्या क्रमांकाची मिरवणूक निघत नाही.

एके काळी तर जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरवायचीच सोय नव्हती. १९५६ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान शेवटची सतरा मिनिटं मानेचं हाड मोडलेल्या अवस्थेत खेळला. हाड मोडल्याचं कळलं ते काही दिवसांनी. त्या शौर्याच्या गोष्टी अजून सांगतात, पण त्यामागचं खरं कारण साधं होतं: तो बाहेर गेला असता तर सिटीला दहा जणांनिशी खेळावं लागलं असतं आणि गोलात कोणा दुसऱ्यालाच उभं करावं लागलं असतं. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूची मुभा आली १९६५ मध्ये, सुरुवातीला एकच आणि तोही फक्त दुखापतीसाठी. विश्वचषकात ती १९७० ला आली. पाच बदल्यांचा नियम साथीच्या काळात, २०२० मध्ये, तात्पुरता म्हणून आला आणि २०२२ मध्ये कायम झाला. या पाच बदल्यांचा फायदा श्रीमंत क्लबांनाच जास्त होतो अशी ओरड होते आणि ती खोटी नाही. ज्याच्या बाकावर पाच दमदार माणसं बसलेली असतात त्याचीच चैन. पण छोट्या संघालाही त्यातून एक गोष्ट मिळाली. साठाव्या मिनिटाला दमलेल्या पायांना बाहेर काढता येतं.

गोलरक्षकांच्या बाबतीत तर मोठ्यांचीही फजिती होते. १४ ऑक्टोबर २००६ ला रेडिंगविरुद्ध चेल्सीचा पेत्र चेक डोक्याच्या गंभीर दुखापतीने बाहेर गेला, त्याच्या जागी आलेला कार्लो कुदिचिनीही जखमी झाला आणि शेवटची मिनिटं कर्णधार जॉन टेरी हातमोजे चढवून गोलात उभा राहिला. तो काही झालं तरी बचावपटू! चेक पुढे कायम डोक्याला संरक्षक टोप घालून खेळला.

मोजक्या माणसांत विजेतेपद मिळवणाऱ्यांचं उदाहरण द्यायचं झालं की अ‍ॅस्टन व्हिलाचं नाव निघतं. १९८०-८१ मध्ये त्यांनी इंग्लंडची लीग जिंकली ती ४२ सामन्यांत फक्त चौदा खेळाडू वापरून, आणि त्यातले सात जण सगळेच्या सगळे सामने खेळले. लेस्टर सिटीने २०१५-१६ मध्ये ज्या मोसमात जगाला तोंडात बोट घालायला लावलं, त्यातही मोजकीच माणसं वापरली गेली आणि प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरी खेळाडूंना आठवड्यातून दोन दिवस सुट्टी देत. अशा गोष्टींत नशिबाचा भाग मोठा असतो, हे कबूल करायला हवं. ज्या छोट्या संघांना नशिबाने साथ दिली नाही त्यांची पुस्तकं कोणी लिहीत नाही.

आपल्याकडचं सर्वांत बोलकं उदाहरण मुंबईचं आहे. खालिद जमील. कुवेतमध्ये जन्म, पण खेळाडू म्हणून सगळं आयुष्य मुंबईत: महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, आणि २००७ मध्ये निघालेला मुंबई एफसी. मधल्या फळीतला चांगला खेळाडू, पण दुखापती पाठ सोडीनात. अखेर २००९ मध्ये खेळणं थांबवून तो त्याच मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि २०१६ पर्यंत राहिला. हा क्लब कधीच पैसेवाला नव्हता. नामवंत परदेशी नाहीत, राष्ट्रीय संघातले तारे नाहीत आणि घरचं मैदान कूपरेज, जिथे खाली गवताऐवजी कृत्रिम हिरवळ. असा संघ दरवर्षी आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या मुख्य साखळीत, तग धरून राही. लोक त्याच्या खेळाला कंटाळवाणा म्हणत. मागे दाटीवाटीने उभं राहायचं, चेंडू प्रतिस्पर्ध्याला खेळवू द्यायचा आणि संधी मिळताच तुटून पडायचं. त्या कंटाळवाणेपणात हिशेब होता असं मला वाटतं. सतत पुढे जाऊन दबाव टाकणाऱ्या खेळाला वारंवार वेगात धावावं लागतं, आणि तशा धावा म्हणजे मांडीमागच्या स्नायूवर काढलेलं कर्ज. ते कर्ज काढायची ऐपत खालिदच्या संघाची नव्हती.

२०१६ मध्ये तो मुंबई सोडून मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे गेला. हा संघ आदल्या मोसमात खालच्या श्रेणीत घसरला होता. देंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी आय-लीग सोडली म्हणून त्याला परत जागा मिळाली. खालिदने मुंबई एफसीतले आपले ओळखीचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांना बरोबर नेलं. गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलात, मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान, बाकी बहुतेक मिझो मुलं. अठरा सामने, ३७ गुण, एका गुणाने मोहन बागान मागे. ३० एप्रिल २०१७ ला शिलाँगमध्ये लाजोंगशी बरोबरी साधून ऐझॉल भारताचा विजेता झाला. नियतीची थट्टा बघा, त्याच मोसमात मुंबई एफसी आय-लीगमधून घसरला आणि नंतर बंदच पडला.

ओळखीची माणसं बरोबर नेणं हा दुखापतीवरचा उपाय वाटत नाही, पण आहे. नवा खेळाडू आला की त्याच्या शरीराबद्दल काहीच माहीत नसतं: कोणता घोटा जुना दुखावलेला, सलग तिसऱ्या सामन्याला तो कसा ढेपाळतो, दुखतंय हे तो सांगतो की लपवतो. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वर्षानुवर्षं बघितलेल्या पोराचं ‘काही नाही सर, बरं आहे’ खरं की खोटं, हे त्याच्या चालीवरून ओळखता येतं.

दुसरा उपाय म्हणजे दोन जागांवर खेळणारी माणसं घेणं. मुंबईकर राहुल भेके हा त्यातला उत्तम नमुना. उजव्या बगलेचा बचावपटू म्हणूनही खेळतो आणि मध्यभागीही. १७ मार्च २०१९ ला मुंबईत झालेल्या आयएसएलच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत त्याच्याच हेडरने बंगळुरूने गोव्याला हरवलं. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध मुंबई सिटीचा विजयी गोलही त्याचाच, आणि चॅम्पियन्स लीगमधला तो भारतीय क्लबचा पहिला विजय. गोल मागे लक्षात राहतात, पण प्रशिक्षकाला त्याचं मोल असं की एक भेके म्हणजे यादीत दोन नावांचं काम. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडशाच्या मंडळ्या रोज रात्री नव्या गावात प्रयोग लावतात. नटाचा घसा बसला म्हणून गावाला परत पाठवत नाहीत. खलनायक करणारा त्या रात्री बाप करतो आणि बाप करणाऱ्याला आधीपासून दोन्ही भूमिका पाठ असतात. फुटबॉलमध्येही ‘दोन्ही भूमिका पाठ’ असलेल्याला मागणी असते. त्याचा तोटाही आहे. सगळीकडे चालणारा खेळाडू बहुतेकदा आपल्या खऱ्या जागेवर कायमचा स्थिरावत नाही आणि पगाराच्या वाटाघाटीत एकाच कामाचा उस्ताद त्याच्या पुढे निघून जातो.

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. दुखापत होऊच नये म्हणून करायचे व्यायाम. त्यातला एक कोणालाही करता येईल. मऊ जागेवर गुडघे टेकायचे. मागे साथीदाराने दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. गुडघ्यापासून डोक्यापर्यंत शरीर सरळ ठेवून, कमरेत न वाकता, हळूहळू पुढे झुकायचं. मांडीमागच्या स्नायूंनी शक्य तितका वेळ शरीर रोखून धरायचं आणि अगदीच धरवेना तेव्हा हात टेकायचे. पहिल्यांदा करणारा अर्ध्यातच धपकन पडतो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तोंड वाकडं करतो. याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला तेव्हा हा व्यायाम करणाऱ्या संघांत मांडीमागच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं दिसलं. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून नीट जमिनीवर येणं असं सगळं येतं, हा नॉर्डिकही येतो. तो नियमाने करणाऱ्या संघांत एकूण दुखापती तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटतात. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तरीही मोठमोठे क्लब तो नीट करत नाहीत, कारण पायात चेंडू नसलेली वीस मिनिटं खेळाडूंना जिवावर येतात.

खेळाडू किती थकला, हे मोजायचीही एक बिनपैशाची युक्ती आहे. युरोपातले क्लब पाठीवर उपग्रहाशी बोलणारं छोटं यंत्र अडकवलेली बनियनं वापरतात. आता आपल्याकडेही ती सर्रास दिसतात. पण सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला एवढंच विचारा: आजचा सराव दहापैकी किती जड गेला? त्याने सात सांगितलं आणि सराव नव्वद मिनिटांचा होता, तर त्या दिवसाचा भार ६३०. रोज असं वहीत मांडत गेलं की कोणाचा आठवडा एकदम जड झाला ते दिसतं. अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली ही पद्धत महागड्या यंत्रांच्या आकड्यांशी चांगली जुळते. फक्त खेळाडूने खरं सांगायला हवं. तो मागचाच प्रश्न पुन्हा आला.

आणि खरं सांगणं सोपं नसतं. क्लब मोठा असला की जखमी खेळाडू सावकाश बरा होऊ शकतो, त्याच्यावाचून कोणाचं अडत नाही. संघ छोटा असला की सगळ्यांचे डोळे त्याच्या गुडघ्यावर. डॉक्टर सांगतो सहा आठवडे, प्रशिक्षक विचारतो चार चालतील का, आणि खेळाडू स्वतःच म्हणतो तीन पुरे. त्याचा करार येत्या मे महिन्यात संपणार असतो. बाकावर बसलेल्याशी पुढचा करार कोण करणार? गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध तुटला असेल तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने पूर्ण व्हायच्या आत परतणाऱ्यांना तोच गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो. हे नॉर्वेतल्या अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवून दिलं, आणि तोवर प्रत्येक महिना थांबण्याने तो धोका जवळपास निम्मा होत जातो हेही. मैदानावर परतायची घाई छोट्या क्लबाला सर्वांत जास्त असते आणि तीच घाई त्याला सर्वांत महागात पडते. सहा आठवड्यांसाठी गेलेला माणूस लवकर उतरवला म्हणून सहा महिन्यांसाठी जातो.

क्लब आणि देश यांच्यातली रस्सीखेच हा या दुखण्याचा आणखी एक पदर. झिंगनचंच पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तो राष्ट्रीय संघाकडून गुवाहाटीत सराव सामना खेळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटून बाहेर गेला, आणि केरला ब्लास्टर्सला त्याच्याविना अख्खा मोसम काढावा लागला. २०२४ ला कतार. आणि १ सप्टेंबर २०२५ ला ताजिकिस्तानात काफा नेशन्स चषकात इराणविरुद्ध गालफडाचं हाड. तिन्ही वेळा अंगात भारताची जर्सी, तिन्ही वेळा नुकसान क्लबचं. त्या काफा स्पर्धेसाठी मोहन बागानने आपले खेळाडू सोडलेच नाहीत. राष्ट्रीय संघाकडून परतलेल्या जखमी खेळाडूंची नीट काळजी घेतली जात नाही, ही त्यांची तक्रार होती. नुकतेच राष्ट्रीय प्रशिक्षक झालेले कोण होते? खालिद जमील. त्यांनी उरलेल्यांना घेऊन, भेकेलाही बरोबर घेऊन, तिसरा क्रमांक आणला. कमी माणसांत भागवायची सवय त्यांना जुनीच.

फिफाने यासाठी २०१२ पासून भरपाईची योजना चालवली आहे. देशासाठी खेळताना जखमी झालेला खेळाडू २८ दिवसांहून जास्त काळ बाहेर राहिला तर त्याचा पगार फिफा क्लबला देते, दिवसाला जास्तीत जास्त २०,५४८ युरो, वर्षभरापर्यंत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेमार ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना गुडघा मोडून बसला. अल हिलालला ही भरपाई लागू होती. नव्या मुंबईत ६ नोव्हेंबरला मुंबई सिटी–अल हिलाल सामन्याला नेमारला बघायच्या आशेने तिकिटं काढलेल्यांना मात्र कोणती योजना लागू नव्हती.

भरपाईने पगार निघतो, माणूस उभा राहत नाही. मैदानावर कोणीतरी लागतोच, आणि किमान किती लागतात याचंही उत्तर एकदा नियमाने द्यावं लागलं. २०२१-२२ चा आयएसएल मोसम गोव्यातच बंदिस्त वातावरणात चालू होता आणि जानेवारीत कोरोना संघांमध्ये शिरला. ८ जानेवारीचा एटीके मोहन बागान–ओडिशा सामना आधी पुढे ढकलला गेला, मग एकेक करत बरेच. तेव्हा क्लबांना सांगण्यात आलेला आकडा होता पंधरा. तेवढे खेळाडू उपलब्ध असतील तर खेळायचं. केरला ब्लास्टर्सचे खेळाडू खोल्यांमध्ये अडकून पडले आणि अठरा दिवसांनी, धड सराव न करता, ३० जानेवारीला बंगळुरूसमोर उभे राहिले. दहा सामन्यांची त्यांची अपराजित मालिका तिथे संपली. तरीही तोच संघ मार्चमध्ये फातोर्ड्याला अंतिम सामन्यात होता. तिथे हैदराबादच्या गोलात गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमनी उभा होता. त्याने तीन पेनल्टी अडवल्या.

या सगळ्यात ज्याच्याबद्दल कोणी लिहीत नाही तो म्हणजे यादीतला सतरावा, अठरावा खेळाडू. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पहिले अकरा मालिश आणि हलकं पोहणं करत असतात तेव्हा न खेळलेल्यांना मैदानावर पिटाळलं जातं. आदल्या दिवशीची नव्वद मिनिटं त्यांच्या पायात नसतात. ती भरून काढायला त्यांना वेगाच्या धावा, छोट्या मैदानातले चार-चार जणांचे सामने, वळणं, उड्या असं सगळं करावं लागतं. प्रेक्षक नाहीत, धावफलक नाही. तीन महिने न खेळलेल्या माणसाला एका सकाळी सांगितलं जातं, आज तू. त्याचे पाय तयार नसतील तर दहाव्या मिनिटाला तोही मांडी धरून बसतो आणि क्लबची एक दुखापत दोन होते.

मणिपूरचा धीरज सिंग हा असाच एक. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताचा गोल राखलेला, पुढे मोठ्या क्लबच्या बाकावर विसरला गेलेला. जानेवारी २०२१ मध्ये तो कोलकात्याहून एफसी गोवाकडे आला. १४ एप्रिलला लॉराँ ब्लाँ यांच्या अल रय्यानने फातोर्ड्यावर गोल करायचा हरप्रकारे प्रयत्न केला आणि तीन दिवसांनी अल वाहदानेही. दोन्ही सामन्यांत गोव्याच्या जाळ्यात एकही चेंडू गेला नाही. धीरज तेव्हा वीस वर्षांचा होता.